पंधरा मिलिलिटर

धरमपेठेतल्या त्या दुकानात
मी आयुष्यात पहिल्यांदा गेले,
भाजीची पिशवी घेऊन, मेमधल्या दुपारी अडीचला,
रस्त्यावर उन्हाशिवाय कोणी नसतं तेव्हा.

काउंटरमागचा माणूस म्हणाला,
"भोंगाडे सरांच्या मिसेस ना जी तुम्ही?
बॉटनीत दोनदा नापास झालो मी त्यांच्याकडे."
त्यानं लाल वाइनची सगळ्यात लहान बाटली
पेपरात गुंडाळली, वर दुसरा पेपर.
कोणासाठी, ते विचारलं नाही.
सर बरे आहेत ना, एवढंच.

कात्रणात वाचलं होतं:
लाल द्राक्षाच्या सालीत एक द्रव्य असतं,
मेंदूतला दाह शमवतं म्हणे.
चक्रव्यूहात सोडलेले उंदीर वाट चुकले नाहीत.
त्याचं नाव रेस्व्हेराट्रॉल.
तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले मी,
अख्ख्या सिव्हिल लाइन्सचे नंबर तोंडपाठ,
पण या नावाशी जीभ अडखळली.

यांना ते फळ्यावर लिहिताना
कधीच अडखळायला झालं नसणार.
जुन्या वहीत आहे, यांच्याच तिरप्या अक्षरात:
"वेल सुखात असली की हे बनवत नाही.
बुरशी शिरली, ऊन पोळलं,
की साल हे तयार करते, स्वतःच्या बचावासाठी."
खाली दोन रेघा.
परवा यांनी वही उलटसुलट करून पाहिली
आणि मला परत दिली.
"ज्याची आहे त्याला पोचवा," म्हणाले,
"पोरगं शोधत असेल."

रामदासपेठेतल्या डॉक्टर खडतकरबाई हसल्या नाहीत.
"उंदरांना दिलं तितकं पोटात जायला
रोज शेकडो बाटल्या लागतील, काकू.
आणि दारू मेंदूला खाते, ते वेगळंच.
सुरू करू नका.
द्राक्षं द्या, जांभळं द्या, रोज चालवा."
मग पेनाचं टोपण लावता लावता, हळू:
"पक्कं अजून कोणालाच काही माहीत नाही."
एवढ्या फायलींमधलं
तेच एक वाक्य मला खरं वाटलं.

तरी आणली.
वर्ध्याच्या दिराला फोनवर सांगितलं तर तो घाबरला,
"वहिनी, येताना इकडे आणू नका बाप्पा,
आमच्या जिल्ह्यात बंदी आहे."

खोकल्याच्या औषधाचं टोपण धुऊन घेतलं.
पंधराच्या रेघेपर्यंत ओतलं,
डोळ्यांसमोर धरून, नर्स धरते तसं.
कूलर घरघरत होता,
खोलीभर ओल्या वाळ्याचा वास.

यांनी टोपण घेतलं, प्यायले नाहीत.
प्रॅक्टिकलच्या परीक्षेत नमुना धरावा
तसं नाकाशी धरलं, डोळे मिटले.
"साल आहे. आंबलेली.
उघडं कोणी ठेवलं?"
आवाज सरांचा होता. मी उभीच राहिले.

मग म्हणाले,
"सेमिनरी हिल्सवर जांभळं वेचली होती आपण.
पाऊस यायचा होता.
तू जीभ काढून दाखवलीस मला,
सगळ्या पोरांसमोर,
पार निळीजांभळी."

मी कधी गेले नव्हते त्या सहलीला.
दरवर्षी जूनमध्ये माझी डबल ड्यूटी असायची,
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या,
दोन अनोळखी माणसं एकमेकांना जोडून देत.

"हो," मी म्हटलं, "मीच ती."

ते समाधानानं झोपले, तोंड किंचित उघडं.
टोपण टेबलावर तसंच, भरलेलं.
ओतून द्यायचं जिवावर आलं
म्हणून मीच प्यायले.
तुरट लागलं, कच्च्या सुपारीसारखं.

मोरीतल्या आरशाकडे गेले,
दिवा लावला, जीभ काढली.
गुलाबीच होती, नेहमीसारखी.
जांभळी व्हायला
बरंच लागत असणार.